इंदूताईंच्या नावाचा दगड

इंदूताई गेल्याची बातमी मला त्यांचं झाड तोडणाऱ्या माणसाकडून कळली. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी मेसेज आला. आधी जोडलेल्या हातांची एक रांग, मग ‘आपल्या सोसायटीच्या ज्येष्ठ सदस्या, निसर्गप्रेमी श्रीमती इंदुमती साळवे मॅडम यांचे दुःखद निधन’, त्याखाली कुठूनतरी उचललेलं एका हिरव्यागार झाडाचं चित्र, आणि शेवटी सेक्रेटरींचं नाव, वडिलांच्या नावासकट. प्रज्ञानं, म्हणजे इंदूताईंच्या मुलीनं, हॉस्पिटलमधून गेटवर फोन केला होता, गाडी आत घ्यावी म्हणून. गेटवरून बातमी सेक्रेटरींकडे गेली आणि त्यांनी ती लगेच सजवून टाकली. प्रज्ञाचा फोन मला नंतर आला. तोवर मी त्या चित्रातल्या झाडाकडे बघत बसले होते. रडू यायला हवं होतं... आला तो राग, आणि तो अजून उतरलेला नाही.

त्या गृहस्थांचं नाव मी या लेखात एकदाही लिहिणार नाही. ही सभ्यता नव्हे. आपलं नाव लिहिलेलं पाहायला त्यांना फार आवडतं. ते गेटवर आहे, लिफ्टच्या आत आहे, पाण्याच्या टाकीवर आहे. वर्तमानपत्राची ही पुरवणी त्यांच्याकडे येते आणि ते ती पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात, हेही मला माहीत आहे. या खेपेला त्यांना त्यात सगळं सापडेल, फक्त नाव सापडणार नाही. इंदूताईंच्या जांभळीच्या बुंध्यावर त्यांनी आता ग्रॅनाइटचा कट्टा बांधलाय आणि त्यावर इंदूताईंचं नाव कोरून घेतलंय. ज्यानं झाड नेलं त्याच्या हाती नावही जाऊ द्यायचं नाही, एवढ्यासाठी मी लिहायला बसले आहे.

उल्हासनगरच्या एका मराठी शाळेत आम्ही दोघी शिकवायचो. त्या इतिहास, मी मराठी. शाळेच्या मागच्या भिंतीला लागून जीन्स शिवणारे कारखाने होते. यंत्रांच्या घरघरीवर आवाज चढवून शिकवायची आम्हाला सवय लागली ती कायमचीच. इंदूताई मधल्या सुट्टीत डबा पटकन संपवायच्या आणि जाड पुस्तक उघडून बसायच्या. नवे मुख्याध्यापक आले तेव्हा त्यांनी ते पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, “साळवेबाई, हे तुम्हाला झेपतं? तुमच्याकडे वाचायची सवय केव्हापासून?” या ‘तुमच्याकडे’चा अर्थ स्टाफरूममधल्या प्रत्येकाला कळला. इंदूताईंच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती, आणि मोरिवलीच्या कारखान्यातून पाळी संपवून आल्यावर ते कंदिलाशी वाचत बसत, हे मला माहीत होतं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर इंदूताईंनी टेबलाखालून माझा हात दाबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुख्याध्यापकांच्या केबिनच्या दारात उभ्या राहिल्या आणि हसून म्हणाल्या, “जय भीम, सर.” तिसऱ्या दिवशीही. मग रोज. आधी सर मान हलवायचे, मग कागदात डोकं घालायला लागले, मग यायची वेळ बदलून पाहिली, तर इंदूताईंनीही आपली वेळ बदलली. तक्रार करणार तरी काय? बाई रोज हसून नमस्कार करतात म्हणून? सर निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभात भाषणाला उभे राहिले, समोर पहिल्या रांगेत इंदूताई. सरांनी माइक हातात घेतला, समोर पाहिलं, आणि त्यांच्या तोंडून पहिले शब्द निघाले ते, “जय भीम...” सगळं सभागृह टाळ्या वाजवायला लागलं. इंदूताई माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, “बघा वैद्यबाई, आमच्याकडची सवय लागली की नाही?”

घरी जाताना मी त्यांना विचारलं होतं, की इतकी वर्षं मनात धरून कसं ठेवता. त्या म्हणाल्या, “मैत्री, करुणा, सगळं मान्य आहे मला. रोज वंदना म्हणते मी. पण काही जणांच्या बाबतीत मी अजून पहिल्याच धड्यावर आहे.” आणि थोडं चालून गेल्यावर, “सूड घ्यावा तर असा, की समोरच्याला तो रोज दिसला पाहिजे आणि तक्रार कुठे करायची ते कळलं नाही पाहिजे.” मी तेव्हा हसले होते. आता ते वाक्य माझ्या फार उपयोगी पडलं.

निवृत्तीच्या आसपास आम्ही दोघींनी बदलापुरात एकाच इमारतीत घरं घेतली. त्या दुसऱ्या मजल्यावर, मी तिसऱ्या. इमारत बांधताना कोपऱ्यातली एक जुनी जांभूळ बिल्डरनं का कोण जाणे ठेवली होती. इंदूताईंनी घर घेतलं ते त्या झाडासाठी, घराचा नकाशा त्यांनी नीट पाहिलासुद्धा नव्हता. आमचे उन्हाळे मग त्या झाडाभोवती लागले. सकाळी ऊन चढायच्या आत चामटोलीच्या रस्त्यानं चालायला जायचं. चालणं म्हणजे मुख्यतः थांबणं. बहाव्याचे घोस किती खाली आलेत, कुड्याला फुलं आली का, तांबट कुठल्या फांदीवर ठोकत बसलाय... चंदेरीचा डोंगर धुक्यात नसून धुळीत आहे, हेसुद्धा त्या थांबून सांगायच्या. परतताना ओच्यात करवंदं असायची. संध्याकाळी चारच्या पुढे, सावली लांब झाली की जांभळीखाली खुर्च्या टाकायच्या आणि वाचन सुरू. एका उन्हाळ्यात एकच पुस्तक, आणि तेही असं, की एकट्यानं वाचायला घेतलं तर माणूस पहिल्या प्रकरणातच गळून पडेल. एकीनं दोन पानं मोठ्यानं वाचायची, मग दुसरीनं. शाळेतली सवय होतीच.

या वाचनाला इंदूताईंचा एकच नियम होता. ‘छान’ म्हणायचं नाही. “छान म्हटलं की बोलणं संपतं,” त्या म्हणायच्या. “छान हे न वाचलेल्या माणसाचं मत असतं.” काय पटलं नाही ते सांगायचं, नाहीतर गप्प बसायचं. तळमजल्यावरच्या लाजवंती आंटी, ज्यांचं उल्हासनगरला कापडाचं दुकान होतं आणि आता मुलगा बघतो, त्या वाटाणे सोलायला म्हणून येऊन बसायच्या आणि ऐकायच्या. एका वर्षी आम्ही एका लांबलचक रशियन कादंबरीचा अनुवाद वाचत होतो, तर तिसऱ्या आठवड्यात आंटी वैतागल्या. “इंदू, ये किताब में कोई मरता काय नाय गं? सब नुसते बैठके चाय पितात.”

“मरणार आहे, आंटी. धीर धरा.”

“मैं मरूँगी पहले,” आंटी म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी वाटाणे घेऊन पुन्हा हजर. जो मरायचा होता तो शेवटी मेला तेव्हा आम्हा तिघींत फक्त त्याच रडल्या. इंदूताई म्हणाल्या, “आजपर्यंतचं सगळ्यात चांगलं वाचन आज आंटींनी केलं.”

एकदा करवंदांच्या नादात आम्ही दुपारनंतर चामटोलीकडे गेलो आणि वादळात सापडलो. आधी वारा पडला, पाखरं गप्प झाली, मग डोंगराकडून धुळीची भिंतच्या भिंत आली. सागाची वाळकी पानं तोंडावर आदळत होती. एका गोठ्यातून कोणी बाई ओरडली, “बायांनो, आत या, वारा उचलून नेल!” आम्ही म्हशींच्या शेजारी उभ्या राहिलो. पत्र्यावर गारा आपटायला लागल्या, त्या आवाजात स्वतःचा श्वास ऐकू येईना. इंदूताईंनी पिशवीतून पुस्तक काढलं, प्रकरण अर्धवट राहिलं होतं म्हणे, आणि वाचायला लागल्या. त्यांचे ओठ हलताना दिसत होते. मी आपली मान डोलावत राहिले. पान संपल्यावर त्यांनी माझ्या कानाला तोंड लावून विचारलं, “काय पटलं नाही, सांगा.” मी गप्प. “मग पुन्हा वाचते,” म्हणाल्या, आणि गारा थांबेपर्यंत तेच पान पुन्हा वाचलं. गोठेवाली म्हशीच्या पाठीवर हात ठेवून आमच्याकडे बघत होती. शेवटी तिनं मला विचारलं, “शालंत होत्या का गो तुमी दोघी?”

आता सेक्रेटरींकडे येते. जांभळं पिकायला लागली की खाली सडा पडतो, सगळ्यांना माहीत आहे. आमच्या सेक्रेटरींनी पांढरी गाडी घेतली आणि ती नेमकी त्या झाडाखाली लावायला सुरुवात केली. मग एक दिवस ऐन वाचनाच्या वेळी ते आमच्या खुर्च्यांपुढे उभे राहिले. “मॅडम, जरा बॉनेट बघा. हे डाग. पेंट खराब होतो.”

“मग गाडी हलवा की,” इंदूताई म्हणाल्या. “झाडाला चाकं नाहीत.”

आंटी फिसकन हसल्या. मला वाटतं, झाडाचं मरण त्या हसण्यातच ठरलं. हा माणूस आरडाओरड करत नाही. तो फार गोड बोलतो, सगळ्यांना ‘मॅडम’ म्हणतो, आणि वाट बघतो.

त्याच सुमाराला गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या बुडाशी एक पिंपळ उगवला. टाकीला तडा जाईल म्हणून सेक्रेटरींनी माळीकाम करणाऱ्या चामटोलीच्या बाळारामला वर नेलं. आम्ही दोघी पापड घालायला गच्चीवरच होतो. बाळारामनं रोपटं पाहिलं आणि दोन पावलं मागं सरला. “पिंपल मी नाय उपटनार, सायेब. मुंजा बसतो त्याच्यात. मना संसार हाय.” मग अंबरनाथचा प्लंबर बोलावला. त्यानं आधी रोपाला हात जोडले आणि मग सांगितलं, “साहेब, बोधिवृक्ष आहे हा. मी तोडला हे आईला कळलं तर घरात घेणार नाय मला.” सेक्रेटरी स्वतः पुढे झाले, वाकले... आणि पुन्हा सरळ झाले. “बघू नंतर,” म्हणाले. त्यांच्या हातात सोन्यानं मढवलेली दोन रत्नांची अंगठी आहे, ती ते तेव्हा बोटात गोल गोल फिरवत होते. ते खाली गेल्यावर इंदूताई पापडांच्या मध्ये बसून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. “वैद्यबाई, या देशात एकाच गोष्टीवर सगळ्यांचं एकमत आहे, आणि ती टाकीखाली उगवलीय!” तो पिंपळ अजून तिथेच आहे. दर पावसाळ्यानंतर टाकीच्या कडेला त्याची पिल्लं येतात, बोटाएवढी.

गेल्या वर्षी मे महिन्यात इंदूताई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी प्रज्ञाकडे पुण्याला गेल्या. आमचं त्या वर्षीचं पुस्तक अर्ध्यावर होतं. जाताना त्यांनी जांभळीचं एक पान खुणेला घातलं आणि पुस्तक माझ्याकडे दिलं. “पुढे एकटीनं वाचायचं नाही हं.” त्या गेल्या आणि वळवाचं एक वादळ आलं. जांभळीची एक फांदी मोडून पडली. गाडीवर नाही, भिंतीवर. एवढं निमित्त पुरलं. दोन दिवसांत माणसं आली, करवतीचं मशीन आलं. मी खाली धावले तर सेक्रेटरी हात जोडून म्हणाले, “धोकादायक झाड होतं, मॅडम. उद्या कोणाच्या डोक्यात पडलं तर जबाबदारी माझीच ना?” आंटी त्यांना सिंधीतून काय काय म्हणाल्या ते मला समजलं नाही, आणि समजलं असतं तरी या पुरवणीत छापता आलं नसतं. झाडावर कच्ची जांभळं लगडलेली होती. ती सगळी मातीत लोळली. बुंध्याला धुमारे फुटू नयेत म्हणून वरून सिमेंट ओतलं.

इंदूताईंना फोनवर सांगायचं धाडस मला झालं नाही. प्रज्ञानं त्यांना गाडीतून आणलं, डोळ्यांवर काळा चष्मा. गेटच्या आत उतरल्या, कोपऱ्याकडे पाहिलं. चष्मा काढला. पुन्हा पाहिलं. तेवढ्यात सेक्रेटरी समोर आले, “कसं झालं ऑपरेशन, मॅडम?”

“चांगलं झालं,” इंदूताई म्हणाल्या. “फार स्पष्ट दिसतंय.”

एवढंच बोलल्या आणि जिना चढून गेल्या. त्या संध्याकाळी मी पुस्तक घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी ते मांडीवर घेतलं, खुणेचं पान अजून हिरवं होतं, त्यावरून बोट फिरवलं आणि पुस्तक मिटून मला परत दिलं. “घरात बसून आवाज फुटत नाही हो माझा.” त्या दिवसापासून आमचं वाचन बंद पडलं. चालायला जाणंही कमी झालं. कारण गेटकडे जायचं तर त्या कोपऱ्यावरूनच जावं लागतं.

त्या हरल्या नव्हत्या, हे मात्र लिहिलं पाहिजे. जूनमध्ये बाजारातून जांभळं आणून त्या खायच्या आणि बिया खिडकीतून नेमक्या त्या कोपऱ्यात टाकायच्या. सत्तरीची बाई, नेम मात्र शाबूत. पावसात तिथं कोंब आले. तांबूस, टोकदार. सेक्रेटरींनी बाळारामला सांगितलं आणि त्यानं ते उपटले. पुन्हा आले, पुन्हा उपटले. बाळाराम खाली मान घालून म्हणाला, “बाय, मी काय करू, पगार ते देतात.” इंदूताई त्याच्यावर कधी रागावल्या नाहीत. पण हिवाळ्यात त्यांचा श्वास लागायला लागला. डॉक्टरांनी जी काही कारणं दिली ती खरीच असतील. झाडामुळे माणूस मरतो असं मी म्हणत नाही. त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यात त्यांना सावली नव्हती, वाचन नव्हतं, आणि ते दोन्ही एका माणसानं काढून घेतलं होतं, एवढंच म्हणते. शेवटी हॉस्पिटलमध्ये भेटले तेव्हा बोलताना त्यांना धाप लागत होती. खिडकीकडे बघत म्हणाल्या, “चुकलंच माझं, वैद्यबाई. जांभूळ काय, कोणीही उपटतं...” पुढे त्यांना खोकला आला आणि नर्सनं मला बाहेर काढलं. त्यांचं शेवटचं बोलणं मला थोर काहीतरी म्हणून सांगता येणार नाही. ते असं होतं.

शोकसभा सोसायटीच्या हॉलमध्ये झाली. सेक्रेटरी उभे राहिले आणि म्हणाले, “साळवे मॅडम फार छान होत्या. त्यांचं वाचन छान होतं, स्वभाव छान होता...” मी मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिलं. शेवटी त्यांनी जाहीर केलं, की जिथं मॅडम बसायच्या तिथंच, त्या बुंध्यावर, ‘श्रीमती इंदुमती साळवे वाचनकट्टा’ होणार. सौजन्य त्यांचं. माझ्याकडे वळून म्हणाले, “वैद्य मॅडम, मॅडमची पुस्तकं काचेच्या कपाटात लावू. कुलूप वगैरे सगळं नीट. आणि उद्घाटनाला दोन शब्द तुम्हीच बोला.” प्रज्ञा माझ्या शेजारीच होती. घरी आल्यावर ती म्हणाली, “मावशी, मी आत्ता जाऊन सांगते, आईचं नाव काढा म्हणून. काय हक्क आहे त्यांना?”

“नाव राहू दे,” मी म्हटलं. “मी दोन शब्द बोलणार आहे. पुस्तकंही देणार आहे.”

तिला वाटलं, मावशी घाबरली. तिला मी तेव्हा काही सांगितलं नाही.

कट्टा आठवड्याभरात उभा राहिला. काळा चकचकीत ग्रॅनाइट, त्यावर इंदूताईंचं नाव, आणि खाली सौजन्य म्हणून दुसरं नाव, थोडं मोठ्या अक्षरात. मागच्या बाजूला, जिथं जुना बुंधा आणि दगड मिळतात, तिथं गवंड्यानं दोन बोटांची फट ठेवून त्यात माती भरली होती. ऐन दुपारी, सगळ्यांचे एसी घरघरत असताना, मी गच्चीवर गेले. टाकीखालच्या पिंपळाचं एक पिल्लू ओल्या फडक्यात मुळासकट उचललं. त्याला दोनच पानं होती, तांब्याच्या रंगाची. खाली लाजवंती आंटी गेटकडे तोंड करून उभ्या होत्या.

“जल्दी लगा, मैं देखती हूँ.”

“आंटी, जगेल का?”

“इंदू का काम है. जगेगा नहीं तो जाएगा कहाँ?”

आयुष्यात मी वर्गाबाहेर कोणाला मोठ्यानं बोलले नाही. पण मातीत ते मूळ दाबताना मला फार बरं वाटलं, हे मी लपवणार नाही. उद्घाटनाच्या दिवशी मी माइकवर म्हटलं, “इंदूताईंना कोणी छान म्हटलेलं आवडत नसे. आता त्या ऐकायला नाहीत, म्हणून सगळ्यांना मुभा आहे,” आणि बसले. लोकांना ते नीट कळलं नाही. सेक्रेटरींनी टाळ्या वाजवल्या. कपाटासाठी मी त्यांना माझ्या माळ्यावरचा जुन्या शालेय गाइडांचा गठ्ठा दिला, खाकी कव्हरं घालून. तो काचेमागे कुलूप लावून ठेवला आहे. आजपर्यंत कोणाच्या लक्षात आलेलं नाही. इंदूताईंची पुस्तकं प्रज्ञाकडे पुण्याला गेली. माझ्याकडे एकच ठेवलं, अर्ध्यावर राहिलेलं.

मग ते रोप दिसायला लागलं. सेक्रेटरींनी बाळारामला बोलावलं. मी बाल्कनीत होते. बाळारामनं फटीत वाकून पाहिलं, आणि माझ्या आठवणीत राहील असा सरळ उभा राहिला. “पगार कापा, सायेब. हा मी नाय उपटनार.” मग म्हणाला, “बायचाच मुंजा हाय हा. तुमी उपटा.” सेक्रेटरी बराच वेळ तिथं उभे होते, अंगठी फिरवत. त्या शनिवारी त्यांच्याच घरातून, त्यांच्या पत्नी, तांब्याचा गडू घेऊन खाली आल्या आणि त्यांनी रोपाला पाणी घातलं, हळदकुंकू वाहिलं, बुडाला दोरा बांधला. आता दर शनिवारी घालतात. बुद्धपौर्णिमेला ‘बी’ विंगमधल्या तीन घरांतून मेणबत्त्या आल्या, रोपाभोवती रांगेत लावल्या गेल्या आणि त्रिशरण म्हटलं गेलं. इंदूताईंचं नाव त्या उजेडात वाचता येत होतं. खालचं नाव मेणाखाली गेलं होतं, आणि मेण ग्रॅनाइटवरून सहजी निघत नाही.

रोप आता वीतभर झालंय. पिंपळाचं मूळ कुठं जातं ते मला कोणी शिकवायला नको, टाकीखालचा तडा मी रोज बघते. ग्रॅनाइट आधी कुठून उकलेल त्याचा अंदाज मी घेऊन ठेवला आहे. खालच्या नावाच्या बाजूनं. त्याला काही वर्षं लागतील, तेव्हा मी नसेन. सावली पडेल ती मात्र इंदूताईंच्या नावावर पडेल.

सेक्रेटरीसाहेब, हे तुम्ही आता वाचत असाल. रोप आपोआप उगवलेलं नाही, हे तुम्हाला आज कळलं. ते मी लावलं. भर दुपारी, तुमच्याच कट्ट्यात. आता जा आणि उपटून दाखवा, शनिवारी घरच्या माणसांना काय सांगायचं ते ठरवून.

तुम्ही गाडी लावता त्या सुमाराला, चारच्या पुढे, आम्ही पुन्हा खाली बसतो. लाजवंती आंटी वाटाणे आणतात. मोठ्यानं वाचणारी आता मी एकटीच आहे, आवाज इंदूताईंसारखा चढत नाही, पण गाडीपर्यंत पोचतो. पहिल्या दिवशी पुस्तक उघडलं तेव्हा खुणेचं जांभळीचं पान वाळून तपकिरी झालं होतं, पण अखंड होतं. तिथूनच सुरुवात केली. परवा तुम्ही काच खाली करून विचारलंत, “काय वाचताय मॅडम? छान आहे का?” मी उत्तर दिलं नाही. नियम आहे तो इथला. पुस्तकाचा बराच भाग बाकी आहे... आम्हाला घाई नाही. त्या रोपालाही नाही.